लेक परदेशात शिकायला जाते तेव्हा



आजचं हे बोलणं आमच्या गटातल्या बारा जणींनी मिळून तयार केलं आहे. माईकसमोर एकच जण बसली आहे, पण शब्द सगळ्यांचे आहेत. म्हणून 'मी' न म्हणता 'आम्ही' म्हणतो.

गोष्ट सुरू झाली गटाच्या मासिक बैठकीत. बचतीचे पैसे मोजून झाले, कर्जाचे हप्ते वहीत लिहून झाले. कापूस वेचणीचे दिवस होते, त्यामुळे सगळ्या जणी घरी जायच्या घाईत. एक ताई मात्र उठेना. तिची धाकटी मुलगी सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला गेली. सरकारी शिष्यवृत्ती मिळाली, गावात पेढे वाटले, चौकात तिच्या फोटोचा फलक लागला. ताईचं कौतुक आम्हीच केलं होतं. ती ताई त्या दिवशी म्हणाली, "पोरगी रोज फोन करते. रोज म्हनते, बरी आहो माय. पन आवाज बरा नाही वाटत. म्या तिले काय विचारावं, तेच समजत नाही."

आम्ही एकमेकींकडे पाहत राहिलो. पासपोर्ट कसा काढायचा, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो, जात पडताळणीचे कागद कुठे द्यायचे, हे आता आपल्याला ठाऊक झालं आहे. पण विमान उडाल्यावर पुढे काय? तिथे उतरल्यावर पहिली रात्र कशी जाते? पोरगी कुणाशी बोलते, काय खाते? यातलं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. शाळेच्या बाई आमच्या बैठकीला येतात. त्या म्हणाल्या, "आपल्याच महाराष्ट्रातली एक मुलगी सव्वाशे वर्षांहून आधी या वाटेनं गेली आहे. आधी तिचं वाचू." पुढच्या बैठकीला त्यांनी डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र आणलं. त्या वाचत गेल्या, आम्ही ऐकत गेलो.

आनंदीबाईंचं नाव आपण शाळेच्या पुस्तकात ऐकलेलं असतं. पहिल्या महिला डॉक्टर, एवढ्यावर धडा संपतो. त्यांचा जन्म १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, वयाने पुष्कळ मोठा. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. आपल्या बायांना बाई डॉक्टर हवी, हे तिथून त्यांच्या मनात बसलं.

अमेरिकेत त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. गोपाळरावांनी एका मिशनरी गृहस्थांना पत्र लिहिलं होतं, ते तिकडच्या एका मासिकात छापून आलं. रोझेल नावाच्या गावात राहणाऱ्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दातांच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. नंबर यायची वाट पाहताना त्यांनी ते मासिक चाळलं. घरी येऊन त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिलं. तिथून दोघींची पत्रं सुरू झाली ती काही वर्षं चालली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. तोंड पाहिलेलं नाही, आणि नातं जुळलं.

१८८३ च्या फेब्रुवारीत, निघण्याआधी, श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं. हे श्रीरामपूर बंगालमधलं, कलकत्त्याजवळचं. लोकांचे प्रश्न होते, एकटी का जाते? इथे शिकता येत नाही का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? अठराव्या वर्षातली ती मुलगी भरल्या सभेत एकेका प्रश्नाला उत्तर देत गेली. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्यांनी सांगितलं. एप्रिलच्या ७ तारखेला कलकत्त्याहून बोट सुटली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला लागली. दोन महिने पाण्यावर. बंदरावर कार्पेंटर मावशी न्यायला आल्या होत्या.

बाई इथे थांबल्या आणि आम्हाला म्हणाल्या, "पहा, उतरल्याबरोबर त्या कॉलेजात गेल्या नाहीत. तो उन्हाळा रोझेलच्या घरात राहिल्या." आम्हाला हे फार मोलाचं वाटलं. नवी सून आल्याबरोबर तिला कुणी वावरात धाडत नाही. घर कळायला चार दिवस लागतात. त्या घरात आनंदीबाईंनी कामाला हात लावला, घरच्या लेकरांना लळा लावला. मावशींच्या मैत्रिणींना आपल्याकडचं जेवण रांधून वाढलं, त्यांना साड्या नेसवल्या. पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसून न राहता आपल्याजवळ जे होतं ते त्यांनी पुढे केलं. ओळख अशीच वाढते. आपल्याकडे शेजारणीची वाटी आली तर ती रिकामी परत जात नाही, तसंच ते.

मग पानगळीच्या दिवसांत फिलाडेल्फियाला जायचं झालं. तिथे बायांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. कॉलेजच्या प्रमुख रेचल बॉडली यांनी शिष्यवृत्तीची सोय केली होती. रोझेलहून फिलाडेल्फिया शंभर किलोमीटरहून दूर. आता मावशीचं घर जवळ नव्हतं. खरा परदेश इथून सुरू झाला.

राहायला खोली मिळाली, पण ती थंड. शेगडीची चूल होती, ती पेटवली की खोलीभर धूर व्हायचा. धूर सोसा नाही तर गारठा सोसा, अशी गत. मांसाहार करायचा नाही असं ठरवलेलं, त्यामुळे खायचे हाल. आपली नऊवारी तिथल्या थंडीला पुरेना, पोटऱ्या उघड्या राहत. म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, म्हणजे पाय झाकले जातील. एवढ्याशा बदलाचीही घरी पत्राने कैफियत द्यावी लागली. पत्र पोचायला महिन्याच्या वर लागायचं. उत्तरात कौतुकाबरोबर कपड्यांवरून, फोटोवरून टोचून बोलणंही यायचं. दूर थंड खोलीत बसलेल्या मुलीने घरचं पत्र उघडावं आणि त्यात तिची कानउघाडणी असावी! बाईंनी हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या दोघी खाली पाहू लागल्या. त्याचं कारण पुढे सांगतो.

त्या रात्री ताईने लेकीला फोन लावला. आपल्याकडे आठ वाजले होते, तिथे दुपारचे अडीच. हिवाळ्यात तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. ताईने 'कशी आहेस' विचारलंच नाही. तिने विचारलं, "तुह्या खोलीत ऊब धरायले काय आहे?"

पोरगी आधी गप्प झाली. मग रडायला लागली. मग सगळं सांगितलं.

खोलीत भिंतीला गरम होणारं लोखंडी यंत्र होतं. ते लावलं तर बिल वेगळं येईल, असं तिला वाटलं. शिष्यवृत्तीचा पैसा यायला उशीर झालेला, हातातले पैसे जपून वापरायचे होते. कुणाला विचारलं तर आपण अडाणी ठरू, ही लाज. म्हणून तीन आठवडे ती दोन स्वेटर घालून, शाल गुंडाळून झोपत होती. सकाळ-संध्याकाळ पावाचे तुकडे आणि उकडलेली अंडी. वर्गात मास्तर भरभर बोलतात, त्यातलं निम्मं डोक्यावरून जायचं. तिथे प्राध्यापकाला नावाने हाक मारतात, ते हिच्या तोंडून निघेना. भेटेल तो 'ऑल राइट?' असं विचारायचा. तिला वाटायचं, आपण आजारी दिसतो की काय, म्हणून सगळे विचारतात. ती घाबरून खोलीत जाऊन बसायची. ते नुसतं आपल्या 'राम राम'सारखं आहे, त्याला 'राम राम' एवढंच उत्तर, हे तिला महिन्याने कळलं. डिसेंबर जवळ आला की तिथे दुपारी चारलाच अंधार पडतो. अंधार पडला की घराची आठवण. आणि फोनवर मात्र, "बरी आहो माय."

ताईने विचारलं, "मंग आधी काहून नाही सांगितलं?"

तिचं उत्तर ताईने आम्हाला बैठकीत जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सगळ्यांनी पेढे वाटले ना माय. आता कसं सांगू, की मले इथं जमत नाही?"

मायबहिणींनो, पेढे वाटल्याचा आनंद खोटा नव्हता. पण त्या आनंदाचं ओझं पोरीच्या डोक्यावर बसलं, हे आम्हाला कळलं नव्हतं. आणखीही एक सांगायचं आहे. सुरुवातीला तिने पॅन्ट आणि जाड कोट घातलेला फोटो पाठवला होता. सोबत वर्गातली चार मुलं-मुली होती. तो फोटो मोबाईलवरून गावभर फिरला. 'दोन महिन्यांतच रंग बदलला' असं कुणीतरी म्हटलं. ते म्हणणाऱ्यांत आमच्या गटातल्याही दोघी होत्या. पोरीपर्यंत ते पोचलं. त्यानंतर तिने ना फोटो पाठवला, ना मैत्रिणींची नावं सांगितली. आनंदीबाईंना घरून पत्रं गेली, हिला आमचं बोलणं गेलं. आम्ही ताईची माफी मागितली, आणि आज सगळ्यांसमोर ते कबूल करतो.

आता पुढचं ऐका. आईशी बोलल्यावर दुसऱ्या दिवशी पोरीने राहण्याच्या जागेच्या कचेरीत जाऊन विचारलं. खोलीच्या भाड्यातच त्या उबेचा खर्च धरलेला होता! तीन आठवडे फुकट कुडकुडली. मग तिने स्वयंपाकाला सुरुवात केली. तिथे सहा-सात जणांत एक स्वयंपाकघर असतं. ताईने बांधून दिलेली जवसाची चटणी होती, तिखट होतं. तिने वरणाला लसणाची फोडणी दिली. फोडणीचा धूर झाला आणि छताला लावलेली आगीची घंटा वाजायला लागली. अख्खी इमारत थंडीत बाहेर. पोरगी लाजेने अर्धमेली झाली. तेव्हा शेजारच्या खोलीतली नायजेरिया देशाची मुलगी हसत हसत म्हणाली, "घाबरू नको, मागच्या आठवड्यात माझ्यामुळे वाजली होती." मग दोघींनी मिळून खिडकी उघडली, वरण-भात खाल्ला. नायजेरियाच्या पोरीला जवसाची चटणी आवडली. ती दुसऱ्यांदा मागून घेतली, म्हणे.

आता ताईच्या फोनवर त्या मुलीचं नाव येतं. रविवारी दोघी बाजारात जातात. वर्गातली मुलं संध्याकाळी जिथे जमतात तिथे कुणी कुणी दारूही घेतात. ही फळांचा रस घेऊन बसते, तिला कुणी आग्रह करत नाही. हेही तिने आईला आपणहून सांगितलं. ताई म्हणते, "सांगते म्हनून मले झोप लागते."

या ठिकाणी आम्ही पुन्हा आनंदीबाईंकडे वळतो. त्याही हळूहळू त्या कॉलेजात रुळल्या. त्यांचा १८८५ सालचा एक फोटो आहे. तीन मुली शेजारी शेजारी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. एक आपल्या आनंदीबाई, एक जपानची केई ओकामी, एक सीरियाची सबात इस्लामबुली. तिघीही घरापासून हजारो कोस लांब, तिघीही डॉक्टर व्हायला आलेल्या. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाईंना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. पण तोवर तब्येत खालावली होती. त्यांना क्षय झाला. क्षय हा जंतूंचा रोग आहे, तो थंडीने होत नाही. पण अपुरं खाणं, अशक्तपणा आणि कोंदट खोली यांनी त्याला वाट मिळते, हे आपल्या आशाताईही सांगतात. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायांच्या विभागाचं काम त्यांच्याकडे यायचं ठरलं होतं. ते राहून गेलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी नव्हती. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी त्या आपल्या घराण्याच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी पुरल्या. अजून तिथे दगड आहे.

तेव्हा औषध नव्हतं. आज क्षयाला औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. तेव्हा पत्राला महिना लागे, आज बोटाने दाबलं की लेकीचं तोंड दिसतं. पण फोन असला म्हणजे खरं बोलणं होतंच असं नाही, हे आम्ही ताईच्या घरात पाहिलं.

बाबासाहेबांचंही सांगायला हवं. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती होती, महिन्याला साडेअकरा पौंड. पहिल्या वसतिगृहातलं जेवण मानवेना म्हणून जागा बदलली. मग नवल भथेना नावाचा पारशी मित्र मिळाला. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली. सुरुवातीचे दिवस मित्रमंडळींत, खेळण्या-फिरण्यात गेले, असं चरित्रकार लिहितात. मग घरच्यांचे कष्ट आठवले आणि ते अभ्यासाला असे बसले की १९१५ मध्ये एम. ए. झाले. एवढ्या मोठ्या माणसालाही पहिले महिने चाचपडावे लागले, तर आपल्या पोरीने दोन महिन्यांत सगळं जमवावं असा आग्रह आपण का धरावा? तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत, ऑगस्टात, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिलं. मुलांबरोबर मुलींनाही शिकवलं तर आपली प्रगती कितीतरी लवकर होईल, असं त्यात होतं. आणि त्या काळात इकडे रमाई लहानग्या यशवंतला घेऊन संसार ओढत होत्या. जाणाऱ्याचं नाव होतं, मागे राहणारीचं बळ लागतं.

आपल्या विदर्भातलंच आजचं उदाहरण घ्या. राजू केंद्रे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले, भटक्या समाजातले, शेतकऱ्याघरचे. आपल्या यवतमाळात त्यांनी 'एकलव्य'चं काम सुरू केलं, खेड्यातल्या मुलांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवली. २०२१ साली ते स्वतः चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकायला गेले. म्हणजे ही वाट आता फक्त शहरातल्यांची राहिलेली नाही. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिक्षण शिष्यवृत्ती आहे, तिची माहिती यवतमाळच्या समाजकल्याण कार्यालयात मिळते. आदिवासी मुलामुलींसाठी आदिवासी विकास विभागाची शिष्यवृत्ती आहे. पांढरकवडा आणि पुसदच्या प्रकल्प कार्यालयात विचारा. अटी बदलत असतात, म्हणून त्या वर्षीची जाहिरात वाचूनच अर्ज करा.

आता आम्ही गटात काय ठरवलं ते सांगतो.

एक. 'कशी आहेस' एवढंच विचारायचं नाही. त्याला 'बरी' हेच उत्तर येतं. आज काय रांधलंस? खोली गरम असते का? शेजारी कोण राहतं, त्याचं नाव काय? वर्गात न कळलेलं कुणाला विचारतेस? आजारी पडलीस तर कुठल्या डॉक्टरकडे नाव नोंदवलं आहेस? असे प्रश्न विचारायचे. इंग्लंडमध्ये पोचल्याबरोबर जवळच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवायचं असतं, ते आजारी पडायच्या आधी. विद्यापीठात मन मोकळं करायला समुपदेशक असतात, त्यांचे पैसे पडत नाहीत. हेही तिला आठवण करून द्यायचं.

दोन. जाण्याआधी तिला एक गोष्ट मोठ्याने सांगायची, "नाही जमलं तर सांग. आम्ही रागावणार नाही." हे पेढ्यांच्या आधी सांगायचं.

तीन. तिचा फोटो आला तर पाहायचा, चांगली दिसते म्हणायचं आणि आपल्याजवळ ठेवायचा. गावभर फिरवायचा नाही. थंडीत अंगभर कपडा लागतो, त्याला रंग बदलणं म्हणत नाहीत.

चार. पैशाचा पहिला हप्ता उशिरा येऊ शकतो. म्हणून दोन-तीन महिन्यांचा खर्च आधीच बाजूला ठेवायचा. आमच्या गटाने यासाठी कमी व्याजाचं कर्ज द्यायचं ठरवलं आहे. शिक्षणाच्या काळात तिथे आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करता येतं. त्याहून जास्त केलं तर व्हिसाची अडचण होते. तेव्हा 'थोडं कमवून पाठव' असं कुणी तिला म्हणू नये.

पाचवी गोष्ट आपल्या इथली आहे. सगळ्याच पोरी इंग्लंडला जात नाहीत. झरी-जामणीच्या पोडावरची कोलाम पोरगी यवतमाळच्या वसतिगृहात येते, तांड्यावरची पोरगी पुसदच्या कॉलेजात येते. तिच्यासाठी तोच परदेश असतो. बोली वेगळी, कपडा वेगळा, कुणाशी बोलावं कळत नाही. 'तू कुठली गं?' असं विचारलं की तिला रडू येतं. त्या गावांत आपले गट आहेत. एका रविवारी तिला घरी जेवायला बोलवायला काय जातं? कार्पेंटर मावशींनी बोलावलं होतं तेव्हा त्यांना कुठे माहीत होतं, की ही मुलगी पुढे कोण होणार आहे!

आमच्या ताईने मागच्या आठवड्यात पोरीसाठी जवसाची चटणी पुन्हा कुटली. या वेळी दोन पुड्या बांधल्या. एक लेकीची, एक त्या नायजेरियाच्या पोरीची. तिचं नाव पुडीवर लिहायचं म्हणून ताईने शाळेच्या बाईंना तीनदा विचारलं.

तुमच्या गावातली कुणी पोरगी बाहेर शिकायला गेली असेल, तर आज रात्री तिला फोन लावा. आणि 'बरी आहो' म्हणाली, तर लगेच फोन ठेवू नका. थोडं थांबा.

राम राम, मायबहिणींनो. जय भीम, जय सेवा, जय सेवालाल.